आईला घेऊन युरोपला चाललेय, ती पाणी पिणंच बंद करेल अशी भीती वाटते

तलावपाळी७९

नमस्कार. प्रश्न अवघड जागेचा आहे, पण इथे विचारल्याशिवाय राहवत नाही.

मे महिन्यात आईला घेऊन बारा दिवसांच्या ग्रुप टूरला जातेय. आधी पॅरिस, मग जर्मनीचा ब्लॅक फॉरेस्टचा भाग, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी इटली. जवळजवळ सगळा प्रवास बसने. आई 69 वर्षांची. उजवा गुडघा बदललेला आहे, आणि बीपीच्या गोळ्यांमध्ये एक लघवी होण्याची गोळी आहे, ती सकाळी नाश्त्यानंतर घेते.

आईने 27 वर्षं ठाणे ते व्हीटी नोकरी केली. लोकलमध्ये टॉयलेट नसतंच. ऑफिसात अख्ख्या मजल्याला बायकांसाठी एक, त्याची कडी मोडलेली, कुणीतरी बाहेर उभं राहायचं तेव्हा दुसरीने जायचं. त्यामुळे सकाळी सातला अर्धा कप चहा घेतला की संध्याकाळी नौपाड्यात घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट नाही. मी शाळेत असताना तिची ती रिकामी न झालेली पाण्याची बाटली रोज घरी परत यायची, हे मला अजून आठवतं. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी प्रवास म्हटला की तिचं पाणी बंद होतं. गेल्या डिसेंबरात गणपतीपुळ्याला निघालो तर आदल्या रात्रीपासूनच बंद. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. समुद्र बघायला गेलो होतो आणि दवाखान्यात बसलो.

आता बारा दिवस परदेश. तिच्याच तोंडचं सांगते: "तिथे म्हणे पाणीच नसतं, कागदाने पुसतात. मला नाही जमायचं. मी आपली पाणी कमी पिईन."

स्थळं, खाणं, शॉपिंग यांची माहिती भरपूर मिळते. हे कुणी सांगत नाही. बस किती वेळाने थांबते? पैसे किती लागतात, सुटे कुठून आणायचे? पाण्याचं काय करायचं? आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये पाणी सांडलं तर दंड करतात हे खरं का? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा. लाजू नका, मीही लाजत नाहीये.

घोडबंदरवाला

बहीण जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते, दोनदा आई-बाबांना घेऊन गेलोय. त्या भागापुरतं सांगतो.

जर्मनीत हायवेवरच्या मोठ्या थांब्यांवर बहुतेक ठिकाणी सॅनिफेअर कंपनीची टॉयलेट असतात. मेट्रो स्टेशनवर असतं तसं गेट, 1 युरो टाकायचा, पावती येते. ती पावती फेकू नका. तिथल्याच दुकानात 1 युरोचं कूपन म्हणून चालते, कॉफी किंवा पाण्याच्या बाटलीवर वळती होते. पूर्वी 70 सेंट घ्यायचे आणि 50 सेंटचं कूपन द्यायचे, 2022 च्या शेवटी हे बदललं. कार्डही चालतं. आत स्वच्छता उत्तम, काकूंना अडचण येणार नाही.

गावात फिरताना दुकानांच्या, हॉटेलांच्या दारावर "नेटं टॉयलेटं" असं लिहिलेलं स्टिकर दिसलं तर बिनधास्त आत जा. म्हणजे काही विकत न घेताही त्यांचं टॉयलेट वापरता येतं, त्याबद्दल नगरपालिका दुकानदाराला पैसे देते. आलेन नावाच्या गावात 2000 साली हे सुरू झालं, आता बऱ्याच गावांत आहे.

दारावर नुसतं अक्षर असेल तर डी म्हणजे डामेन, बायकांचं. एच म्हणजे हेरेन, पुरुषांचं. आमच्या बाबांनी एच बघून "ही" असं समजून बरोबर दार उघडलं, पण आई डी वाचून थबकली होती.

कळवा_पूर्व

ताई, बारा दिवसांचा प्रश्न आहे. कागदाची सवय करून घ्यायची, सगळं जग वापरतं. जास्त विचार केला की त्रास वाढतो.

नेरुळ_सेक्टर१९

कळवेकर दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण 69 व्या वर्षी बाईला "सवय करून घ्या" म्हटलं की ती सवय करत नाही, ती पाणी सोडते. मी हे माझ्या डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं आहे. 19 वर्षं मी टूर मॅनेजर होते, त्यातली 14 वर्षं युरोप. ग्रुपमध्ये निम्म्या आपल्याच बायका, दादर, ठाणे, पुणे, नाशिक. बसमध्ये चौथ्या दिवशी कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला चक्कर येतेय, आणि प्रत्येकीच्या पिशवीत भरलेली बाटली. मी नंतर नंतर सकाळी बसमध्ये चढताना हवामान सांगायच्या आधी टॉयलेट कुठे कुठे आहे ते सांगायला लागले. त्या दिवसापासून बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. बाईला पुढची जागा माहीत असली की ती पाणी पिते. त्यामुळे मी जरा लांब लिहिते, सगळं लिहिते.

बस. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटं थांबणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते यंत्रात नोंदलं जातं, त्यामुळे चुकवता येत नाही. प्रत्यक्षात टूरची बस दोन-अडीच तासांनी थांबतेच. पहिल्या दिवशी तुमच्या टूर मॅनेजरला बाजूला घेऊन सांगा की आई लघवीची गोळी घेते, तिला दीड-दोन तासांनी जावं लागतं. हे आधी सांगितलेलं आम्हाला फार सोयीचं पडतं, मधेच घाईने सांगितलं तर हायवेवर थांबायला जागा नसते. पुढच्या दाराजवळची सीट मागा. बसमध्ये मागे छोटं टॉयलेट असलं तरी ते अडीअडचणीसाठी ठेवलेलं असतं, आणि तिथे उतरायच्या पायऱ्या गुडघ्याला वाईट. त्यावर भरवसा ठेवू नका.

पैसे. इथे फॉरेक्सवाला फक्त नोटा देतो. विमानतळावर उतरल्यावर पाण्याची एक बाटली घ्या आणि नाणी मागा. 50 सेंट आणि 1 युरोची नाणी एका छोट्या बटव्यात आईच्याच कमरेला. तुमच्याकडे नाही, आईकडे. लेकीकडे दरवेळी पैसे मागायचे म्हणूनसुद्धा बायका जायचं टाळतात. फ्रान्सच्या हायवेवर पैसे लागत नाहीत. इटलीच्या हायवेवरही सहसा नाही, दाराशी बशी ठेवून मावशी बसलेल्या असतील तर 50 सेंट ठेवावेत, त्या दिवसभर ती जागा पुसत असतात. फ्रान्सच्या काही थांब्यांवर एखादं दार उघडलं की खाली बसायचं, आपल्यासारखं भांडं दिसेल. तुमच्या आईंना ते आता चालणार नाही, शेजारचं दार उघडा, कमोड असतो.

पॅरिसमध्ये फुटपाथवर राखाडी रंगाच्या गोल टपऱ्या दिसतील, त्यांना सानिझेत म्हणतात. 2006 पासून फुकट आहेत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आतला माणूस बाहेर आला की दार बंद होतं आणि आतली जमीन आणि भांडं आपोआप धुतलं जातं. आपल्याकडे बाहेर येणाऱ्याने दार धरून ठेवणं हा शिष्टाचार आहे, तिथे तसं करू नका. दार बंद होऊ द्या, दिवा हिरवा झाला की बटण दाबून आत जा. जमीन ओली असते, त्यामुळे आईंचा हात धरून दारापर्यंत या, चपला रबरी तळाच्या असू द्या. कॅफेत गेलात तर ऑर्डर द्यायच्या आधी टॉयलेट कुठे आहे ते विचारा, कारण पॅरिसच्या जुन्या कॅफेंमध्ये ते हमखास तळघरात असतं, गोल अरुंद जिन्याने खाली. गुडघा बदललेल्या बाईला तो जिना म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा म्युझियममधलं गाठा, तिथे लिफ्ट असते. आयफेल टॉवरवर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावरच्या स्टेशनांवर सोय चांगली, पण वर जायच्या रोपवेच्या पाळण्यात काही नसतं. चढायच्या आधी जाऊन घ्या. थंडीत लघवी जास्त होते, ते वयामुळे वाटतं, पण तसं नाही. गारठ्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत सरकतं, मूत्रपिंड जास्त पाणी बाहेर टाकतं. युंगफ्राउयोख हे तिथलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3,454 मीटरवर आहे. तिथे माझ्या ग्रुपमधल्या बायका घाबरायच्या की आपल्याला काही झालं की काय. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

आता पाणी. ठाण्यात जांभळी नाक्याला प्लास्टिकच्या दुकानांत हॉटेलवाले चटणी-सॉस भरतात ती मऊ, दाबायची, चोच असलेली अर्ध्या लिटरची बाटली मिळते. दोन घ्या. रिकामी असली की विमानात कुणी अडवत नाही. टॉयलेटच्या बाहेरच्या बेसिनवर भरायची, मग आत जायचं. बसून, पुढे किंचित वाकून, मागून दाबायची. धार सरळ भांड्यात पडते, बाहेर थेंब नाही. मग कागदाने फक्त कोरडं करायचं, आणि सीटवर पाणी उडालं असेल तर पुसून बाहेर यायचं. तो कागद भांड्यातच टाकायचा, त्या देशांत तेच बरोबर. डब्यात फक्त पॅड वगैरे. ओले वाइप्स मात्र भांड्यात नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. (ग्रीसला गेलात कधी तर याच्या उलटं, तिथे नळ्या बारीक असतात म्हणून कागद डब्यात.) आणि सीटवर पाय देऊन कुणीही बसू नये. सीट निखळते, घोटा मोडतो. मी एका बाईंना त्यापायी प्लास्टर घालून परत आणलं आहे.

हे सगळं तिथे पहिल्यांदा करू नका. आजपासून घरी बाटलीच वापरायला लावा. जेट स्प्रे आणि पाण्याचा मग, दोन्ही लपवून ठेवा.

इटलीत आईंना सगळ्यात बरं वाटेल. तिथे घरातल्या एका तरी बाथरूममध्ये बिडे असलाच पाहिजे असा 1975 चा सरकारी नियम आहे, त्यामुळे हॉटेलांतही असतो. कमोडच्या शेजारी बेसिनसारखं बुटकं भांडं, त्याला नळ. आपले लोक त्यात पाय धुतात, मोजे भिजवतात. ते धुण्यासाठीच आहे, तुमच्या आईंना हवं आहे तेच. नळाकडे तोंड करून बसलं की पाणी हाताशी येतं. शेजारी टांगलेला छोटा टॉवेल त्याचाच, तोंडाला वापरू नका. तिथे टबाजवळ एक दोरी लोंबत असते, ती दिव्याची नाही. ती ओढली की खाली रिसेप्शनला घंटा वाजते, कुणी पडलं तर म्हणून.

दारावरची अक्षरं इटलीत फसवतात. सिन्योरी म्हणजे पुरुष, सिन्योरे म्हणजे बायका. आपल्या कानाला "री" बायकी वाटतं. दोन्ने लिहिलं असेल तर बायका, उओमिनी असेल तर पुरुष. विचारताना वॉशरूम म्हणू नका, कुणाला कळत नाही. इटलीत "बान्यो", फ्रान्समध्ये "त्वालेत", जर्मनीत "टोआलेटं". हे तीन शब्द आईंकडून पाठ करून घ्या.

हॉटेलच्या बाथरूमचं तुम्ही विचारलंत, ते खरं आहे. आपल्या बाथरूममध्ये जमिनीला उतार आणि कोपऱ्यात मोरीची जाळी असते. तिथे टबाच्या बाहेर सहसा जाळीच नसते, जुन्या इमारतींत जमिनीखाली लाकूडही असतं. सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतातून टपकतं. इटलीतल्या एका छोट्या हॉटेलात माझ्या ग्रुपच्या दोघी बहिणींनी कचऱ्याच्या डब्यात पाणी भरून, बाहेर बसून, आपल्या पद्धतीने अंघोळ केली. खालच्या खोलीतल्या माणसाच्या बॅगेवर पाणी पडलं. मालकाने नुकसानीचे पैसे मागितले आणि सगळ्यांसमोर त्या बहिणींना बोलला. त्या दोघी दिवसभर बसमधून उतरल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती. आदल्या संध्याकाळी मी सांगायला हवं होतं, ते राहिलं होतं. त्यानंतर प्रत्येक हॉटेलात किल्ल्या वाटताना मी हेच सांगायचे: पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर नाही. अंघोळ पूर्ण आत. जमिनीवर जाड छोटा टॉवेल असतो तो पाय ठेवायला, टबातून बाहेर यायच्या आधी अंथरायचा.

पण तुमच्या आईंसाठी टब नकोच. कडा गुडघ्याच्या वर येतो, ओला असताना पाय उचलून बाहेर यायचं धोक्याचं आहे. टूर कंपनीला आत्ताच ईमेल करा की टब नसलेली, शॉवरची खोली हवी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सगळीकडे मिळेलच असं नाही, पण महिनाभर आधी मागितलं तर बऱ्याच ठिकाणी मिळते. जिथे मिळणार नाही तिथे टबाच्या काठावर बसून आधी एक पाय, मग दुसरा. आणि त्या दिवशी नुसतं अंग पुसून घेतलं तरी काही बिघडत नाही.

ऐरोली_सिस्टर

मी नर्स आहे. नेरुळच्या ताईंनी जवळजवळ सगळं लिहिलंय, एकच जोडते.

लघवीची गोळी प्रवासात स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि पाणी कमी करून गोळी चालू ठेवणं त्याहून वाईट. बीपी एकदम खाली येऊन उठताना चक्कर येते, आणि नव्या गुडघ्यावर पडणं परवडणारं नाही. निघायच्या आधी डॉक्टरांना बसचं वेळापत्रक दाखवा आणि गोळीची वेळ बदलता येईल का ते विचारा. कितीतरी जणांना दुपारी हॉटेलवर पोचल्यावर घ्यायला सांगतात, पण हे त्यांनीच ठरवायचं. मागच्या वेळी इन्फेक्शन झालं होतं हेही सांगा, म्हणजे सोबत काय औषध न्यायचं ते लिहून देतील.

विमानात कडेची सीट. जेवणाची गाडी निघाली की वाट बंद होते, त्याआधी जाऊन यायचं. फ्लशचा आवाज फार मोठा असतो, आधी झाकण लावून मग बटण दाबायला सांगा, दचकणार नाहीत.

तलावपाळी७९

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. नेरुळच्या ताईंचा प्रतिसाद मी आईला पूर्ण वाचून दाखवला. त्या दोघी बहिणींचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "बिचाऱ्या. सांगायला नको का कुणी." मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ऑफिसच्या त्या कडीबद्दल बोलली. बाहेर उभं राहायला मैत्रीण रजेवर असली की ती दिवसभर जायचीच नाही. मला हे माहीत नव्हतं.

जांभळी नाक्यावरून बाटल्या आणल्या. पहिले दोन दिवस चिडचिड झाली, चौथ्या दिवशी जमलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. टूर कंपनीला ईमेल केला, पाचपैकी तीन हॉटेलांत शॉवरची खोली मिळतेय.

कळवा_पूर्व

ताई, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. माझी आई पण कुठे जायचं म्हटलं की पाणी पीत नाही, मी ते वयाचं समजत होतो. बाटली बघतो.

तलावपाळी७९

काल परत आलो. थोडक्यात लिहिते, अजून बॅगा उघडायच्या आहेत.

पहिल्या सकाळी पॅरिसमध्ये आईने बाटली भरून घेतली पण प्यायली नाही. मी काही बोलले नाही. टूर मॅनेजरने, माझ्या आधीच्या फोनमुळे असेल, बस सुटताना पुढच्या तिन्ही थांब्यांची नावं आणि वेळा सांगितल्या. आईने घड्याळात पाहिलं आणि झाकण उघडलं.

सानिझेतजवळ आमच्या पुढच्या बाई सवयीने आईसाठी दार धरून उभ्या राहिल्या. आईने त्यांना खुणेने सोडायला सांगितलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली. जर्मनीत कूपनांवर रोज कॉफी. टब दोनच हॉटेलांत, तिथे तिने अंग पुसून घेतलं. इटलीतला बिडे तिला इतका आवडला की शेवटच्या दिवशी तिने मापं घेतली, नौपाड्यातल्या आमच्या बाथरूममध्ये बसतो का ते प्लंबरला विचारायचंय. ताप नाही, जळजळ नाही.

नेरुळच्या ताई, आईचा तुम्हाला निरोप आहे. मिलानजवळच्या थांब्यावर ग्रुपमधल्या सोलापूरच्या एक आजी बसमधून उतरायला तयार नव्हत्या. आईने त्यांना आपली दुसरी बाटली दिली, कशी धरायची ते दाखवलं, आणि दाराबाहेर उभी राहिली.

आता एकच विचारायचंय. पुढच्या वर्षी मावशी आणि आई मिळून जपानला जायचं म्हणतायत. तिथे म्हणे कमोडलाच पाण्याची बटणं असतात, आणि सगळं जपानीत लिहिलेलं. थांबवायचं बटण कुठलं ते कुणी सांगेल का?

नेरुळ_सेक्टर१९

वाचून डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा.

जपानचं सोपं आहे. चौकोनाची खूण म्हणजे थांब, टेपरेकॉर्डरवर असायची तशीच. बहुतेक ठिकाणी तेच बटण सगळ्यात डावीकडे आणि पुष्कळदा लाल किंवा केशरी. ते आधी शोधायचं, मगच दुसरं दाबायचं. बसलेल्या माणसाखाली कारंज्याचं चित्र म्हणजे धुणं. सार्वजनिक टॉयलेटला पैसे लागत नाहीत, कागद भांड्यातच. मात्र हात पुसायला बऱ्याच ठिकाणी काही नसतं, तिथे सगळे जण खिशात छोटा रुमाल ठेवतात. दोघींना दोन-दोन द्या. जुन्या पद्धतीच्या मुक्कामांत टॉयलेटच्या दाराशी वेगळ्या सपाता असतात. आत जाताना त्या घालायच्या आणि बाहेर येताना तिथेच काढायच्या, त्या घालून खोलीत येऊ नये.